विचारा, सांगते : लॅपटॉप तीन तऱ्हेचे, व्हीएम मात्र एकच

या वेळी पत्रांत व्हर्च्युअल मशीनचाच (व्हीएम, म्हणजे लॅपटॉपच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक) बोलबाला आहे. टीममध्ये कुणाकडे विंडोज, कुणाकडे मॅक, कुणाकडे लिनक्स, आणि सगळ्यांना हुबेहूब तीच व्हीएम हवी, तीही एका कमांडमध्ये. सगळ्यात लांब पत्र आधी घेते. त्याचं उत्तर नीट डोक्यात बसलं की बाकीच्यांची निम्मी गाठ सुटते.

मॅडम, मी सर्व्हर ॲडमिनिस्ट्रेशन शिकवतो. विद्यार्थी आपापले लॅपटॉप आणतात, त्यामुळे दर सत्राची सुरुवात इन्स्टॉलेशनच्या भानगडीतच जाते. म्हणून विंडोजसाठी पॉवरशेलमध्ये आणि मॅक-लिनक्ससाठी बॅशमध्ये अशा दोन स्क्रिप्ट लिहिल्या. सोबत पाठवतो आहे. दोन्ही मिळून तिन्ही सिस्टीमवर चालेल अशी एकच स्क्रिप्ट कशी लिहू? पायथनमध्ये लिहिली तर जमेल का?

सर, दोन्ही स्क्रिप्ट शेवटपर्यंत वाचल्या. मेहनत दिसते. पण पायथनला हात घालण्याआधी एक बघा. पॉवरशेलच्या फाइलमध्ये पोस्टग्रेस हा डेटाबेस १४ आवृत्तीचा बसवला जातो, बॅशच्या फाइलमध्ये १६. एनजिनएक्स या वेब सर्व्हरचं कॉन्फिगरेशन एकीकडे स्क्रिप्टमध्येच लिहिलंय, दुसरीकडे शेजारच्या फोल्डरमधून कॉपी होतंय, आणि त्या दोन कॉन्फिगरेशनमध्ये पोर्टही वेगळे आहेत. हे कुणी मुद्दाम केलेलं नाही. एका फाइलमध्ये दुरुस्ती झाली, दुसरीत करायची राहून गेली. मग वर्गात मागच्या बाकावरून 'सर, माझ्याकडे चालत नाही' असा आवाज आला, की तो विंडोजवाल्याचाच का येतो याचं कोडं पडतं.

पायथनमध्ये एकत्र केलं तरी हेच होईल. दोन फाइलींऐवजी एका फाइलमध्ये 'विंडोज असेल तर, मॅक असेल तर' अशा शाखा फुटतील आणि त्या शाखा एकमेकींपासून दूर जात राहतील. शिवाय विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर पायथन आहे का, कोणतं आहे, ही नवी भानगड आलीच.

तेव्हा 'तिन्हीकडे चालणारी एकच स्क्रिप्ट' हा हट्टच सोडा. होस्टवरचा, म्हणजे खऱ्या लॅपटॉपवरचा, भाग जेवढा किरकोळ ठेवता येईल तेवढा ठेवा आणि खरं काम व्हीएमच्या आत ढकला. बाहेर तीन सिस्टीम असतील, आत एकच लिनक्स आहे. तिथे बॅश नक्की आहे, पॅकेज बसवणारं ॲप्ट नक्की आहे, पाथमधला स्लॅश नक्की कुठे झुकतो हेही ठाऊक आहे. होस्टकडे दोनच कामं ठेवा: व्हीएम जन्माला घालणं आणि तिच्या हातात एक फाइल देणं.

ती फाइल वाचणारा प्रोग्रॅम म्हणजे क्लाउड-इनिट. उबंटूच्या मंडळींनी तो क्लाउडमधल्या सर्व्हरसाठी केला. आता उबंटू, डेबियन, फेडोरा यांच्या क्लाउड इमेजमध्ये तो आधीपासूनच असतो. व्हीएम पहिल्यांदा बूट झाली की आपल्यासाठी काही सूचना ठेवल्या आहेत का, हे तो शोधतो. सूचना म्हणजे एक यॅमल फाइल: कोणता युजर बनवायचा, कोणती पॅकेजेस घालायची, कुठल्या जागी कुठली फाइल लिहायची, शेवटी कोणत्या कमांड चालवायच्या. तुमच्या दोन्ही स्क्रिप्टमधला मोठा भाग या एका फाइलमध्ये जाईल, आणि ती तिन्ही होस्टवर अक्षरशः तीच राहील. पोस्टग्रेसचा आकडा एकाच जागी.

दोन ठिकाणी लोक हमखास अडखळतात. फाइलची पहिली ओळ हॅशचं चिन्ह आणि त्याला चिकटून 'क्लाउड-कॉन्फिग' अशीच लागते. ती दिसते कॉमेंटसारखी, म्हणून कुणीतरी टापटिपीच्या भरात ती उडवतं किंवा तिच्या वर स्वतःचं नाव आणि तारीख टाकतं. मग क्लाउड-इनिट ही आपली फाइल मानतच नाही. व्हीएम व्यवस्थित उठते आणि आत काहीही नसतं. दुसरं म्हणजे यॅमलमध्ये इंडेंटसाठी टॅब चालत नाही, स्पेसच हवेत. फाइल धड आहे की नाही हे 'क्लाउड-इनिट स्कीमा' कमांडने आधीच तपासता येतं. आत नेमकं काय घडलं ते व्हार-लॉगमधल्या क्लाउड-इनिट-आउटपुट लॉगमध्ये ओळीने लिहिलेलं असतं. विद्यार्थ्यांना पहिल्या तासाला हा लॉग वाचायला शिकवा, तुमचे पुढचे फोन कमी होतील.

आता होस्टच्या बाजूला काय उरलं? तुमच्या वर्गासाठी मी मल्टिपास हे व्हीएम उभी करणारं साधन निवडेन. ते उबंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकलचं आहे, तिन्ही सिस्टीमवर मिळतं, आणि आतून प्रत्येक ठिकाणी व्हीएम चालवणारं जे सॉफ्टवेअर जमेल ते वापरतं: लिनक्स आणि मॅकवर क्यूईएमयू, विंडोज प्रोवर हायपर-व्ही, आणि विंडोज होममध्ये हायपर-व्ही मिळत नाही म्हणून तिथे व्हर्च्युअलबॉक्स. विद्यार्थ्याने टाइप करायची कमांड मात्र सगळीकडे तीच: 'मल्टिपास लाँच', पुढे उबंटूची आवृत्ती, व्हीएमचं नाव, मेमरी, डिस्क आणि क्लाउड-इनिटची फाइल. यातलं काहीही गाळू नका. आवृत्ती गाळली तर त्या दिवशी जी एलटीएस (दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती) चालू असेल ती मिळते, म्हणजे उशिरा प्रवेश घेतलेल्याची व्हीएम वेगळी. मेमरी-डिस्क गाळली तर १ जीबी मेमरी आणि ५ जीबी डिस्क मिळते, आणि तुमचा डेटाबेस, वेब सर्व्हर आणि लॉग एवढ्या जागेत फार दिवस नांदणार नाहीत.

मल्टिपासची एक मर्यादा आधीच सांगते: ते प्रामुख्याने उबंटूसाठीच आहे. आणि विंडोजवर होस्टचा फोल्डर व्हीएममध्ये माउंट करण्याची सोय सुरक्षेपायी बंद करून ठेवलेली असते, ती सेटिंगमधून चालू करावी लागते. विद्यार्थ्यांना द्यायच्या कागदावर हे ठळक लिहा.

एक पायरी तर कुठलीच स्क्रिप्ट करून देऊ शकत नाही. प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय फर्मवेअरमध्येच बंद असेल, तर लॅपटॉप रीस्टार्ट करून ती हातानेच चालू करावी लागते. म्हणून होस्टच्या छोट्या स्क्रिप्टने आधी एवढीच विचारपूस करावी. लिनक्सवर डेव्ह फोल्डरमध्ये केव्हीएम (लिनक्स कर्नेलमधली व्हीएम चालवायची सोय) नावाची फाइल आहे का आणि ती वापरायची परवानगी या युजरला आहे का. मॅकवर सिसकंट्रोलला 'कर्न डॉट एचव्ही-सपोर्ट' विचारलं की १ येतं का. विंडोजवर टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये सीपीयूखाली व्हर्च्युअलायझेशन 'एनेबल्ड' दिसतं का. उत्तर नकारार्थी आलं तर स्क्रिप्टने तिथेच थांबावं आणि नेमकं कारण छापावं. अर्धं इन्स्टॉल होऊन मग कोसळणारी स्क्रिप्ट निस्तरायला दुप्पट वेळ लागतो.

व्हेग्रंट, म्हणजे व्हेग्रंटफाइल नावाच्या एका फाइलमधली मांडणी वाचून व्हीएम उभ्या करणारं साधन, का नाही, असं तुम्ही विचाराल. व्हेग्रंट २०१० पासून आहे आणि चार-पाच मशीनचं जाळं एका फाइलमध्ये मांडायचं असेल तर अजूनही मला तेच आवडतं. पण व्हेग्रंटफाइल वरून एकच दिसली तरी होस्टचे फरक तिच्या पोटात दडून बसतात. आयपी पत्त्याचंच घ्या. व्हेग्रंटच्या नमुना फाइलमध्ये १९२.१६८.३३.१० हा पत्ता कॉमेंटमध्ये दिलेला असतो. लोक हॅश काढतात आणि तोच वापरतात. व्हर्च्युअलबॉक्सने ६.१.२८ या आवृत्तीपासून लिनक्स आणि मॅकवर होस्ट-ओन्ली (फक्त लॅपटॉप आणि त्यातल्या व्हीएममधल्या) नेटवर्कसाठी १९२.१६८.५६.० ते १९२.१६८.६३.२५५ एवढाच पट्टा मोकळा ठेवला. त्याबाहेरचा पत्ता हवा असेल तर ईटीसीमधल्या व्हीबॉक्स फोल्डरात नेटवर्क्स कॉन्फ ही फाइल लिहावी लागते. विंडोजवर हे बंधन नाही. म्हणजे तीच फाइल विंडोजवर बिनबोभाट चालते आणि मॅकवर पत्ता नाकारला जातो. उपाय सोपा आहे, पट्ट्यातलाच ५६चा पत्ता घ्या. पण हे ठाऊक नसलेला माणूस संध्याकाळपर्यंत फायरवॉल तपासत बसतो.

एनएफएस (नेटवर्कवरून वाटून घेतलेल्या) फोल्डरचंही असंच. मॅक-लिनक्सवर वेग हवा म्हणून ते लिहितात. विंडोज होस्टवर व्हेग्रंट ती मागणी सोडून देतं आणि पुढे जातं. अन्सिबल (मशीनचा सेटअप आपोआप करणारं साधन) वापरत असाल तर ते विंडोजवरून थेट चालत नाही, म्हणून 'अन्सिबल लोकल' वापरा, म्हणजे अन्सिबल व्हीएमच्या आतच बसतं आणि आतूनच काम करतं. पुन्हा तेच: जे काम आत नेता येईल ते आत न्या.

विंडोज लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स कालपर्यंत छान चालत होतं. आता व्हीएम रांगते आणि खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात हिरवं कासव दिसतं. सेटअपची स्क्रिप्ट तर वेळ संपून बंदच पडते. मी काहीच बदललेलं नाही.

तुम्ही नसेल बदललं, पण कशाने तरी बदललं आहे. बहुधा डब्ल्यूएसएल-२ (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) बसवलं गेलं, किंवा विंडोज सिक्युरिटीमधली 'मेमरी इंटिग्रिटी' चालू झाली. या दोन्हींमुळे विंडोज बूट होतानाच मायक्रोसॉफ्टचा हायपरव्हायजर (व्हीएम चालवणारा थर) खाली जाऊन बसतो आणि प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय स्वतःच्या ताब्यात घेतो. व्हर्च्युअलबॉक्सला मग थेट प्रोसेसर मिळत नाही, मायक्रोसॉफ्टच्या दारातून जावं लागतं. कासव त्याचीच खूण आहे. खात्री करायची असेल तर सिस्टीम इन्फर्मेशन उघडा; सारांशाच्या तळाशी 'हायपरव्हायजर सापडला आहे' अशा अर्थाची ओळ दिसेल.

बीसीडीएडिट कमांडने 'हायपरव्हायजर-लाँच-टाइप' ऑफ केलं आणि लॅपटॉप रीस्टार्ट केला की बहुतेकदा कासव जातं. पण त्यासोबत डब्ल्यूएसएल-२ बंद पडतं आणि मेमरी इंटिग्रिटीही जाते. स्वतःच्या जुन्या मशीनवर करायचं तर करा. कंपनीच्या लॅपटॉपवर मी हे करणार नाही आणि दुसऱ्यांच्या लॅपटॉपवर चालणाऱ्या सेटअप स्क्रिप्टमध्ये तर ही ओळ अजिबात घालू नये. कुणाचं सुरक्षा कवच परस्पर काढून ठेवायचा अधिकार आपल्या स्क्रिप्टला नाही. त्यापेक्षा विंडोजवाल्यांसाठी सरळ हायपर-व्हीवर या. व्हेग्रंटमार्फत येणार असाल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा: टर्मिनल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावं लागतं, आणि फाइलमध्ये लिहिलेली नेटवर्कची मांडणी व्हेग्रंट हायपर-व्हीवर करून देत नाही, स्विच आपल्याला निवडावा लागतो.

लिनक्सवाल्यांनी हसू नये. कर्नेल ६.१२ पासून केव्हीएमचं मॉड्यूल लोड होताच प्रोसेसरची तीच सोय धरून ठेवतं. आधी ते पहिली व्हीएम सुरू होईपर्यंत थांबायचं. त्यामुळे कर्नेल अपडेट झाल्यावर व्हर्च्युअलबॉक्स 'व्हीएमएक्स रूट मोड'ची तक्रार करून व्हीएम सुरूच करत नाही, असं पाहायला मिळालं. केव्हीएमचं मॉड्यूल उतरवा, किंवा कर्नेलला 'केव्हीएम डॉट एनेबल-व्हर्ट-ॲट-लोड' शून्य द्या. लिनक्स होस्टवर मी तरी व्हर्च्युअलबॉक्स ठेवतच नाही. केव्हीएम २००७ पासून कर्नेलमध्येच आहे, मग बाहेरून दुसरं आणायचं कशाला?

मी नवा मॅक घेतला. टीमच्या व्हेग्रंटफाइलमधला बॉक्स (तयार व्हीएम इमेज) त्यावर चालतच नाही. सगळे म्हणतात 'एमुलेशन लाव'. लावू का?

रोजच्या कामासाठी नको. नोव्हेंबर २०२० पासून आलेल्या एम मालिकेच्या मॅकमध्ये प्रोसेसर आर्म जातीचा आहे आणि तुमच्या टीमचा बॉक्स एक्स-८६ जातीचा. व्हर्च्युअलायझेशनमध्ये व्हीएममधल्या सूचना खऱ्या प्रोसेसरवरच चालतात, म्हणून जात जुळावी लागते. एमुलेशनमध्ये प्रत्येक सूचनेचं सॉफ्टवेअरमध्ये भाषांतर होतं. क्यूईएमयू ते करतं, पण एखादं मोठं पॅकेज कंपाइल करायला लावा, मग कळेल.

खरा उपाय म्हणजे त्याच लिनक्सची आर्म आवृत्ती. व्हर्च्युअलबॉक्स २०२४च्या ७.१ आवृत्तीपासून या मॅकवर आर्म व्हीएम चालवतं. मल्टिपास किंवा लिमा (तसंच दुसरं साधन) वापरलंत तरी त्या आर्म इमेज आपापल्या घेतात. व्हेग्रंटनेही २.४ पासून एकाच नावाच्या बॉक्सला वेगवेगळ्या प्रोसेसरच्या प्रती ठेवायची सोय केली आहे, फक्त बॉक्स बनवणाऱ्याने दोन्ही प्रती चढवलेल्या असायला हव्यात.

एवढं झालं तरी काम संपत नाही, कारण प्रोसेसरची जात स्क्रिप्टच्या आतही लिहून ठेवलेली असते. ॲप्टच्या सोर्सेसमध्ये चौकोनी कंसात 'आर्च बरोबर एएमडी६४' लिहिलेली ओळ शोधा. डाउनलोडच्या यूआरएलमध्ये 'एक्स८६-६४' शोधा. टीमच्या रेपोत या दोन शब्दांसाठी ग्रेप मारलात (शोध घेतलात) की किती ठिकाणी हात घालावा लागणार ते लगेच दिसेल. तिथे ठोक शब्दाऐवजी 'डीपीकेजी प्रिंट-आर्किटेक्चर'चं उत्तर वापरा. ती कमांड मशीनप्रमाणे एएमडी६४ किंवा आर्म६४ छापते. एखादं सॉफ्टवेअर आर्मवर मिळतच नसेल, तर त्या एका कामासाठी दूरच्या एक्स-८६ सर्व्हरवर एसएसएच (दुरून लॉगिन) करणं बरं. हे मॅकवाल्यांना रुचत नाही, पण काम होतं.

आमच्या टीममधले सीनियर म्हणतात, 'स्क्रिप्टचा खटाटोप कशाला? मी व्हीएम नीट तयार करतो, ओव्हीए फाइल (व्हीएमची पूर्ण प्रत) काढतो, सगळ्यांनी इम्पोर्ट करा.' मला हे पटत नाही, पण उलट बोलताही येत नाही.

सीनियरशी वाद घालू नका, त्यांना दोन व्हीएम शेजारी-शेजारी चालू करून दाखवा. ईटीसीमधली मशीन-आयडी ही फाइल दोन्हीकडे उघडा. दोन्हीत तोच ३२ अक्षरी आकडा असेल. लिनक्समधल्या सिस्टीमडीचं नेटवर्किंग आयपी पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीकडे पत्ता मागताना आपली ओळख याच आकड्यावरून तयार करतं, त्यामुळे एका नेटवर्कवर आलेल्या दोन व्हीएमना एकच आयपी मिळू शकतो आणि एसएसएच कधी इकडे, कधी तिकडे जाऊन पडतं. एसएसएचच्या होस्ट की सुद्धा सगळ्यांच्या सारख्या. म्हणजे ज्या किल्लीवरून 'हाच तो सर्व्हर' अशी ओळख पटवायची, ती टीममधल्या प्रत्येकाच्या खिशात.

हे टाळता येतं. इमेज काढण्याआधी मशीन-आयडीची फाइल रिकामी करायची (काढून टाकायची नाही, रिकामी), होस्ट की पुसायच्या, म्हणजे पुढच्या बूटला त्या नव्याने बनतील. की पुन्हा बनवायचं काम कोण करणार, हे मात्र आधी बघून ठेवा, क्लाउड-इनिट असेल तर तो करतो. पण तुमच्या सीनियरना हे दरवेळी आठवणीने, हाताने करावं लागेल. आणि वर्षभराने 'या व्हीएममध्ये नेमकं काय काय आहे' असं कुणी विचारलं तर उत्तर फक्त त्यांच्या डोक्यात असेल. ते रजेवर गेले की संपलं.

मधला मार्ग आहे, आणि सीनियरना तो पटेल असं वाटतं. पॅकर नावाचं साधन स्क्रिप्ट वाचून इमेज भाजून देतं. एकाच व्याख्येतून व्हर्च्युअलबॉक्ससाठी, हायपर-व्हीसाठी, क्यूईएमयूसाठी वेगवेगळ्या इमेज निघतात. जड आणि क्वचित बदलणारी पॅकेजेस इमेजमध्ये, रोज बदलणाऱ्या गोष्टी क्लाउड-इनिटमध्ये. नेट मंद असलेल्यांनाही हे सोयीचं, कारण मोठा डाउनलोड एकदाच होतो आणि फाइल हातोहात देता येते. ओव्हीए द्यायची हौस फिटते, आणि ती कशातून निघाली तेही रेपोत लिहिलेलं राहतं.

विंडोजवरून रेपो क्लोन केला की व्हीएममध्ये 'बॅश बॅकस्लॅश-आर: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' असा एरर येतो. बॅश तर आहे! गंमत म्हणजे व्हेग्रंटची मुख्य स्क्रिप्ट चालते, तिने बोलावलेली दुसरी स्क्रिप्ट पडते.

तुमची गंमत खरी आहे. विंडोजवर गिटने फाइल उतरवताना प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जास्तीचं न दिसणारं अक्षर घातलं, कॅरेज रिटर्न. लिनक्सला पहिल्या ओळीत 'बॅश' नाही तर 'बॅश आणि ते अक्षर' अशा नावाचा प्रोग्रॅम शोधावासा वाटतो. तसा प्रोग्रॅम कुठून असणार? 'कॅट'ला मोठ्या 'ए'चा पर्याय देऊन फाइल छापा, ओळीच्या शेवटी डॉलरच्या आधी टोपीवाला एम दिसेल. तोच चोर.

मुख्य स्क्रिप्ट चालते, कारण व्हेग्रंट शेल प्रोव्हिजनरची फाइल आत पाठवताना ते अक्षर स्वतःच काढतं. पण त्या स्क्रिप्टने शेअर केलेल्या फोल्डरमधून दुसरी फाइल बोलावली, तर ती जशी डिस्कवर आहे तशीच वाचली जाते.

प्रत्येकाला 'गिटचं ऑटोसीआरएलएफ सेटिंग बदला' असं सांगत फिरू नका, कुणीतरी विसरतंच. रेपोच्या मुळाशी डॉट गिटॲट्रिब्यूट्स फाइल ठेवा, तिच्यात सगळ्या डॉट एसएच फाइलींना 'ईओएल बरोबर एलएफ' (ओळीचा शेवट लिनक्सच्या पद्धतीने) लावा. मग 'गिट ॲड रीनॉर्मलाइज' करा, कमिट करा, आणि विंडोजवाल्यांना नव्याने क्लोन करायला सांगा. हा नियम रेपोसोबत फिरतो, माणसाच्या आठवणीवर अवलंबून नाही. एसएच नाव नसलेल्या स्क्रिप्ट आणि क्लाउड-इनिटची यॅमल फाइल यांनाही त्याच यादीत घ्या.

स्क्रिप्ट पहिल्यांदा चालते, दुसऱ्यांदा चालवली की मोडते. आणि क्लाउड-इनिटची फाइल बदलली तरी व्हीएममध्ये काही फरकच पडत नाही.

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी. क्लाउड-इनिट बहुतेक कामं एका इन्स्टन्सला (म्हणजे एका व्हीएमला) एकदाच करतो, पुन्हा बूट केलं तरी करत नाही. इन्स्टन्स-आयडी बदलला किंवा 'क्लाउड-इनिट क्लीन' करून रीस्टार्ट केलं की तो पुन्हा सगळं वाचतो. पण खरं सांगायचं तर बदल तपासायला व्हीएम पाडून नवी उभी करणंच चांगलं. जुन्या व्हीएमवर आदल्या प्रयत्नाचे अवशेष असतात. स्क्रिप्ट चाललीय ती त्या अवशेषांच्या जोरावर की स्वतःच्या, हे कळत नाही.

पहिल्या भागाबद्दल: तुमच्या स्क्रिप्टमध्ये होस्ट्स फाइलच्या शेवटी एक ओळ जोडली जाते. दोनदा चालवलं की ओळ दोनदा. 'युजर-ॲड' दुसऱ्यांदा अडतं, कारण युजर आहेच. 'आधी बघ, नसेल तरच कर' असं प्रत्येक ठिकाणी लिहा, किंवा अन्सिबलसारखं साधन घ्या, ज्याचा स्वभावच तसा आहे. टीममध्ये कुणी 'माझी व्हीएम पाडू नका, आत माझं काम आहे' असं म्हणालं, की समजा काम चुकीच्या जागी ठेवलंय. कोड गिटमध्ये, डेटाबेसमधला नमुना डेटा स्क्रिप्टमधून, आणि व्हीएम कधीही पाडण्याजोगी.

होस्टवर फाइल सेव्ह केली तरी व्हीएममधला डेव्हलपमेंट सर्व्हर आपोआप रीलोड होत नाही. मॅकवर आणि विंडोजवर दोन्हीकडे.

व्हर्च्युअलबॉक्सच्या शेअर्ड फोल्डरमधून फाइल बदलल्याची सूचना आतल्या लिनक्सपर्यंत पोहोचत नाही. सर्व्हरला पोलिंग करायला (ठरावीक वेळाने फाइली स्वतः तपासायला) सांगा, किंवा कोड व्हीएमच्या आतच ठेवून एडिटर एसएसएचने जोडा. दुसरं जास्त बरं, कारण मॅक आणि विंडोजच्या डिस्कवर लहान-मोठ्या लिपीतली दोन नावं सहसा एकच समजली जातात आणि लिनक्सवर ती वेगळी; कोड आतच असला की ही कटकटही जाते.

डॉकर (ॲप कंटेनर नावाच्या बंद डब्यात चालवणारं साधन) असताना व्हीएम कशाला?

मॅक आणि विंडोजवर डॉकर डेस्कटॉप स्वतःच एक लिनक्स व्हीएम उभी करून तिच्यात कंटेनर चालवतं, तेव्हा व्हीएम सुटत नाही, नजरेआड होते. फक्त वेब ॲप चालवायचं असेल तर डॉकर पुरेसं आहे. फायरवॉल, कर्नेल मॉड्यूल, बूट होताना काय घडतं, डिस्कचे पार्टिशन हे शिकायचं-तपासायचं असेल तर व्हीएम.

व्हीएम उठते, पण सेटअप कधी पूर्ण होतो तर कधी 'डीपीकेजी लॉक मिळाला नाही' म्हणून थांबतो. कधी नुसताच लटकतो.

कधी-कधी होणारा दोष म्हणजे बहुतेकदा दोघांची शर्यत. उबंटूची व्हीएम पहिल्यांदा उठली की तिचं स्वतःचं अपडेटही मागे सुरू होतं आणि ॲप्टचा लॉक (एका वेळी एकानेच पॅकेज बसवावं म्हणून असलेलं कुलूप) धरून बसतं. तुमची स्क्रिप्ट त्याच क्षणी पोहोचली तर अडते. लॅपटॉप हळू असेल तर नाही अडत. स्क्रिप्टमध्ये 'स्लीप ६०' लिहू नका, वेगवान आणि मंद दोन्ही लॅपटॉपवर तो आकडा चुकतो. एसएसएचने आत शिरून काम करणार असाल तर आधी 'क्लाउड-इनिट स्टेटस वेट' चालवा, ती कमांड सुरुवातीचा सेटअप संपेपर्यंत थांबते. आणि ॲप्टला 'डीपीकेजी लॉक टाइमआउट' हा पर्याय ३०० सेकंदांचा द्या, म्हणजे ते लॉक सुटायची वाट बघेल.

लटकणं वेगळं. उबंटू २२.०४ मध्ये पॅकेज बसवल्यावर कोणत्या सर्व्हिस रीस्टार्ट करायच्या, असं विचारणारी जांभळी खिडकी येते. स्क्रिप्टमागे ती कुणाला दिसत नाही आणि उत्तर द्यायला कुणी नसतं. 'डेबियन फ्रंटएंड' नॉन-इंटरॅक्टिव्ह करा आणि 'नीडरीस्टार्ट मोड'ला 'ए' द्या. सुडोमधून ॲप्ट चालवत असाल तर ही दोन्ही व्हेरिएबल सुडोच्या नंतर, त्याच ओळीत लिहा. आधी लिहिलीत तर सुडो ती सहसा आत जाऊ देत नाही.